ट्रॅव्हल ट्रेलरचा टायर वाटेत बसला तर: जॅकच्या आधी ठरवायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) नुकताच घेतलाय, ओढायला पिकअप आहे आणि घरच्यांना घेऊन पहिलाच लांबचा प्रवास ठरलाय. वाटेत ट्रेलरचा टायर गेला तर गाडीतलाच जॅक चालेल का? ट्रेलर गाडीपासून सोडवावा लागतो का? आणि जॅकऐवजी चाक चढवायचा तो रॅम्प घेतला तर भागेल का?

तिन्हींची उत्तरं आधी देऊन टाकतो. गाडीतला जॅक बहुतेक वेळा चालत नाही. ट्रेलर सोडवायचा नाही, जोडलेलाच ठेवायचा. रॅम्प दोन ॲक्सलच्या ट्रेलरला फार उपयोगी आहे, पण एकट्या त्याच्या भरवशावर निघू नका.

मी ट्रेलरच्या ॲक्सल, ब्रेक आणि टायरची कामं करतो. त्यातली बरीच कामं रस्त्याच्या कडेला जाऊनच करावी लागतात. तिथे गेल्यावर दिसतं ते हे, की चाक बदलता येत नाही म्हणून फारसं कुणी अडकत नाही. लोक अडकतात ते टायर गेल्याचं उशिरा कळल्यामुळे, आणि कळल्यावर नको त्या जागी थांबल्यामुळे. म्हणून तुमचा प्रश्न जरा बदलून घेतो: टायर गेल्याचं लवकर कसं कळेल, कुठे थांबायचं, आणि मग चाक कसं बदलायचं.

एकाच ॲक्सलचा ट्रेलर असेल तर टायर बसल्याबरोबर तो एका अंगाला कलतो, गाडीला ओढ जाणवते, काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये तसं होत नाही. त्याच बाजूचा दुसरा टायर भार उचलून घेतो आणि पुढे बसलेल्या माणसाला स्टीअरिंगवर काहीच कळत नाही. मागून कुणी हॉर्न वाजवून खुणावतं किंवा आरशात धूर नाहीतर रबराचे तुकडे दिसतात, तेव्हा लक्ष जातं. तोवर हवा नसलेला टायर कितीतरी किलोमीटर घासत आलेला असतो. त्याच्या कडा चुरगळून तापतात, वरचा पट्टा सुटतो आणि चाकाबरोबर फिरत वर आपटायला लागतो. तो चाकावरचं आवरण फोडतो, ब्रेकची वायर तोडतो. काही ट्रेलरना गॅसची नळी चाकाजवळूनच जाते, तिलाही तो लागू शकतो. नुसत्या पंक्चरवर निभावलं असतं तिथे फरशी आणि वायरिंगचं काम निघतं, ते अशा न कळलेल्या किलोमीटरांमुळे.

यावर एकच खात्रीचा उपाय मला ठाऊक आहे: ट्रेलरच्या प्रत्येक टायरला हवेचा दाब दाखवणारा सेन्सर आणि त्याचा पडदा तुमच्या डॅशबोर्डवर. बजेटमध्ये एकच वस्तू बसत असेल तर जॅकच्याही आधी ही घ्या. ट्रेलर लांब असेल तर सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटरही लागतो. तो नसला की सेन्सर अधूनमधून गप्प होतात आणि माणूस कंटाळून पडदा बंद करून टाकतो. शिवाय व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे सेन्सर जड असतात. साध्या रबरी व्हॉल्व्हवर ते बसवले की फिरताना व्हॉल्व्ह वाकत राहतो, मुळाशी चिरतो आणि तिथूनच हवा जाते. सेन्सर बसवणार असाल तर धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह टाकून घ्या. साधा रबरी व्हॉल्व्ह तसाही ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. तुमचे टायर ८० पीएसआयचे असतील तर त्यांना तो मुळातच योग्य नाही.

आता टायर गेला असं धरू. आवाज होऊन फुटला असेल तर पाय ब्रेककडे जातो, तो जाऊ देऊ नका. स्टीअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचला. मागचा ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक कंट्रोलरचा (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाचा) हाताने चालवायचा लिव्हर हलकेच दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतील आणि तो मागून ताणून सरळ होईल. गाडीचा ब्रेक जोरात मारला तर मागचं सगळं वजन पुढे ढकलतं आणि डुलणं वाढतं. वेग पुरेसा उतरला की मगच नेहमीचा ब्रेक.

मग प्रश्न येतो थांबायचं कुठे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. दिसेल त्या अरुंद कडेला गाडी लावून लोक चाक बदलायला बसतात. वाहतुकीच्या बाजूचा टायर असेल तर बदलणाऱ्याची पाठ आणि पाय थेट रस्त्यावर असतात. इंडिकेटर चारही चालू करा, वेग अगदी कमी ठेवा आणि सपाट, रुंद, टणक जागेपर्यंत ट्रेलर तसाच न्या. यात रिम खराब होईल. होऊ द्या, रिम नवी मिळते. किती अंतर न्यायचं हे परिस्थितीवर आहे. पुढचा फाटा जवळ असेल तर रांगत जाता येतं. पण चाकातून धूर येत असेल, जळका वास असेल किंवा सुटलेला पट्टा जोरात आपटत असेल तर लगेच थांबायला हवं. आणि जागा धोक्याची असूनही तिथेच थांबावं लागलं, टायरही वाहतुकीच्या बाजूचा आहे, तर चाकाला हात लावू नका. सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे न्या आणि मदतीला फोन करा. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

चांगली जागा मिळाली की पिकअपचा हँडब्रेक ओढा, गिअर पार्कमध्ये टाका, चमकणारं जाकीट घाला आणि मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा. ट्रेलरचे गॅस सिलिंडर बंद करा. पलीकडच्या बाजूच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. बऱ्याच ट्रेलरना स्वतःचा हँडब्रेक नसतो, त्यामुळे ट्रेलरला जागेवर धरणारी वस्तू म्हणजे ही पिकअप आणि ते ठोकळे. सोडवायचा नाही असं म्हणतो ते याचसाठी.

जॅक काढण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. हाताची पाठ हबजवळ (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाजवळ) नेऊन उष्णता पाहा, लगेच स्पर्श करू नका. गेलेल्या चाकाचं हब बाकीच्यांपेक्षा खूपच तापलेलं असेल तर टायर हा परिणाम आहे आणि कारण आहे बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक. अशा वेळी स्टेपनी लावून पुढे गेलात तर स्टेपनीही जाईल, किंवा चाकच निघून येईल. तिथून ट्रेलर उचलूनच न्यायला हवा. मग खाली वाकून वायर आणि गॅसची नळी पाहा. वायर तुटली असेल तर ट्रेलरचे ब्रेक लागणार नाहीत, हे पुढे निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

आता उचलण्याकडे येतो. रॅम्पची कल्पना साधी आहे: बसलेल्या चाकाच्या शेजारचं चांगलं चाक रॅम्पवर चढवायचं, म्हणजे बसलेलं चाक आपोआप अधांतरी होतं. पण पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या ट्रेलरमध्ये एक गोष्ट आडवी येते. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या मध्ये एक हलता तुकडा असतो, तो दोन्ही ॲक्सलमध्ये भार वाटतो. एक चाक वर गेलं की हा तुकडा दुसऱ्याला खाली दाबतो. म्हणून रॅम्पच्या उंचीइतकी उचल बसलेल्या चाकाला मिळत नाही. बुटक्या लाकडी ठोकळ्यावर चढवलं तर बसलेलं चाक निघतं खरं, पण हवा भरलेली स्टेपनी खाली मावत नाही, कारण तिचा घेर जास्त. तिथे लोक हमखास अडकतात. बारा-चौदा सेंटीमीटर उंचीचा, ट्रेलरच्या वजनाला चालणारा, मुद्दाम याच कामासाठी बनवलेला रॅम्प घ्या आणि जोडीला जॅक ठेवाच. रॅम्प दोन वेळा पूर्ण कुचकामी ठरतो: एकाच बाजूचे दोन्ही टायर गेले तर, आणि जमीन भुसभुशीत असेल तर.

जॅक म्हणाल तर बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक बरा. हिशेब असा करा: तीन टनांच्या ट्रेलरची एक बाजू चेसीखालून उचलली तर साधारण दीड टन त्या एका जॅकवर येतं. म्हणून चार टनांचा किंवा त्याहून मोठा घ्या. क्षमतेपेक्षाही उंचीचा घोळ जास्त होतो. टायर बसला की खालची जागा कमी होते आणि घरी आरामात सरकणारा जॅक तिथे शिरत नाही. त्यामुळे घरीच एका टायरची हवा पूर्ण सोडून, जॅक लावायच्या जागेची जमिनीपासूनची उंची मोजा आणि मगच खरेदी करा. जॅकखाली ठेवायला एक जाड, रुंद फळी बरोबर ठेवा.

जॅक कुठे लावायचा याला मात्र सरसकट उत्तर नाही. ॲक्सल बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण आग्रह चेसीखाली लावण्याचा असतो. पाटे बांधलेल्या प्लेटखाली लावणारे पुष्कळ आहेत, काही ट्रेलरच्या पुस्तकांत तशी परवानगी असते, काहींत स्पष्ट मनाई. तुमच्या ट्रेलरच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच करा. ॲक्सलच्या नळीच्या मधोमध मात्र कधीच नाही, ती वाकते आणि मग टायर आतल्या कडेने झिजत राहतात. आत रबर भरलेला टॉर्शन ॲक्सल असेल तर त्या नळीला जॅक लावण्याचा विचारही करू नका. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवरचे आधाराचे पाय हे उभ्या ट्रेलरला डगमगू न देण्यासाठी असतात, त्यांनी ट्रेलर उचलायचा नाही. आणि ट्रेलर जॅकवर असताना अंगाचा कुठलाही भाग खाली घालायचा नाही.

चाक जमिनीवर असतानाच नट सैल करून घ्या, कारण अधांतरी चाक पान्याबरोबर फिरतं. नुसते हलवून ठेवा, काढू नका. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असं नाही, हे निघण्यापूर्वी तपासा. नवं चाक लावताना नट हाताने बसवा, त्यांची निमुळती बाजू रिमकडे. मग एकाआड एक, समोरासमोरचे असे थोडे-थोडे आवळत जा. चाक जमिनीला टेकवून शेवटचा ताण टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) द्या. अर्ध्या इंची स्टडना (नट ज्यावर बसतो त्या बोल्टना) साधारण १२० ते १६० न्यूटन-मीटर लागतात, पण तुमच्या पुस्तकातला आकडा अंतिम. नंतर पंधरा, चाळीस आणि ऐंशी किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासा. नवं बसवलेलं चाक सुरुवातीच्या अंतरात दबून बसतं आणि नट ढिले पडतात. स्टेपनीची रिम लोखंडी आणि बाकीच्या ॲल्युमिनियमच्या असतील तर याकडे जास्तच लक्ष द्या.

इथवरचा क्रम एकदा: वेग हळूहळू कमी, सुरक्षित जागेपर्यंत रांगत जाणं, माणसं बाजूला, गॅस बंद, ठोकळे, हब आणि वायर पाहणं, नट सैल, मग उचलणं.

स्टेपनी लावून झाली की लोक सुटकेचा श्वास घेतात आणि पूर्वीच्याच वेगाने निघतात. आधी शेजारचा टायर बघा. मधल्या काळात त्याने जवळजवळ दुप्पट भार वाहिलाय. बाहेरून तो ठीक दिसला तरी आतले तार ताणले गेलेले असू शकतात. मी अशा वेळी त्या बाजूचे दोन्ही टायर बदला असंच सांगतो. दुसरं, खूप कमी हवेवर चाललेला टायर नुसती हवा भरून परत वापरू नका. असा टायर रिमवरून उतरवला की आतून काळी भुकटी सांडते आणि आतल्या कडेला गोल, खरबरीत पट्टा दिसतो. तो टायरच्याच आतल्या रबराचा चुरा असतो. बाहेरून मात्र काहीही दिसत नाही. खिळ्याचं भोक पट्ट्याच्या मधल्या भागात असेल आणि हवा कमी होताच सेन्सरने कळवलं असेल, तर दुरुस्ती होऊ शकते. कडेचं भोक दुरुस्त होत नाही. रस्त्यावर भोकात घालायची रबरी गुंडी (प्लग) ही दुकानापर्यंत पोचण्यापुरती.

स्टेपनीतही हवा असायला हवी, आणि ती बहुधा कमीच निघते, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. बारा व्होल्टचे लहान कंप्रेसर ६५-८० पीएसआयपर्यंत पोचता पोचता दमतात, काही पोचतच नाहीत. घेताना आकडा बघा आणि घरी एकदा पूर्ण हवा भरून दाखवतो का ते तपासा.

पिकअपचाच मागचा टायर गेला तर प्रकरण वेगळं. तिथे हिचवरचं (पिकअप-ट्रेलरच्या जोडावरचं) वजन त्या चाकावर असतं. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावून, ट्रेलरच्या पुढच्या जॅकने ते वजन उचलून घ्या. हिचवरचा भार वाटणारे बार लावलेले असतील तर कपलर (ट्रेलरचा हिचवर बसणारा भाग) जोडलेला ठेवून तोच जॅक वर घ्या, बार सैल होतात आणि मग काढता येतात. ताणात असलेले बार पान्याने उपसू नका, ते उसळून लागतात.

शेवटी कारणांबद्दल, कारण तुम्हाला ही सगळी कसरत टाळायचीच असेल. माझ्याकडे आलेल्या टायरमध्ये खिळे-काचांपेक्षा कमी हवा, जास्त भार आणि वय हीच कारणं जास्त दिसतात. ट्रेलरच्या टायरवर एसटी (म्हणजे स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असतं आणि त्याची भार उचलण्याची ताकद पूर्ण हवेवरच मिळते. उदाहरणार्थ एसटी २२५/७५ आर १५ या मापाचा डी वर्गाचा (हे भार उचलण्याच्या ताकदीचे वर्ग) टायर ६५ पीएसआयला ११५० किलो उचलतो, ई वर्गाचा ८० पीएसआयला १२८५ किलो. हवा कमी असली की हा आकडा उतरतो. म्हणून ट्रेलरच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या दाबापेक्षा कमी कधीच नको, आणि मोजायचं ते सकाळी, टायर थंड असताना. चालून तापला की दाब वाढतो. ६५ पीएसआयच्या टायरमध्ये हवा दहा अंश सेल्सिअसने तापली की साधारण अडीच-तीन पीएसआय वाढतात. ते अपेक्षितच आहे, वाढलेली हवा सोडू नका. वेगाचंही भान ठेवा. टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर तो ताशी १०५ किलोमीटरपर्यंतचाच समजा.

सामान भरून झाल्यावर ट्रेलर काट्यावर नेऊन दोन्ही बाजूंचं वजन वेगवेगळं करून घ्या. फ्रिज, ओटा आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असली की एकूण वजन मर्यादेत असूनही त्या बाजूचे टायर मर्यादेबाहेर असतात.

वय टायरच्या कडेवर वाचता येतं. डॉट या अक्षरांनंतरच्या मजकुरातले शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हा मजकूर कधी कधी फक्त आतल्या बाजूला असतो, तेव्हा टॉर्च घेऊन खाली बघावं लागतं. ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने उन्हात एकाच जागी उभा असतो, त्यामुळे नक्षी नव्यासारखी असतानाच रबर म्हातारं होतं. पाच-सहा वर्षं झाली की नक्षीकडे न बघता बदलावेत असं माझं मत आहे. तुमचा ट्रेलर आतापर्यंत कुणाकडे उभा होता आणि कसा, हे माहीत नसेल तर प्रवासाआधी हे अंक नक्की बघा.

निघण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी, अंगणात किंवा मोकळ्या जागेत, पिकअप जोडून एक चाक प्रत्यक्ष बदला, स्टेपनी बाहेर काढण्यापासून. ती मागच्या बंपरवर असेल तर गंजलेला नट सुटतो का, चेसीखाली असेल तर टायर बसलेल्या अवस्थेत तिथे हात पोचतो का, हे तेव्हाच कळेल. रस्त्यावरच्या मदतीची योजना घेतली असेल तर तीही तेव्हाच वाचा, कारण बऱ्याच योजना ओढणाऱ्या गाडीपुरत्या असतात आणि ट्रेलर त्यात धरलेला नसतो.

जॅकची नेमकी जागा सांगायची तर मला दोन गोष्टी लागतील: ॲक्सल पाट्यांचा आहे की टॉर्शनचा, आणि टायरच्या कडेवरचा पूर्ण मजकूर. तेवढं कळवा.